सगळं ‘लो’वर टाकलं तरी गेम गचके का खातो?

प्रश्न सांगलीत होस्टेलवर राहणाऱ्या एका इंजिनीअरिंगच्या मुलाचा आहे. थोडक्यात असा: ‘दादा, लॅपटॉपमध्ये आय-५ १२४५०एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड चार जीबीचं, रॅम ८ जीबी, स्क्रीन १०८०पी १४४ हर्ट्झ. सायबरपंक २०७७ खेळतो. यूट्यूबवर बघून सगळं लो केलं, तरी गाडी चालवताना गेम गचके खातो. एफपीएस कधी ६५, कधी २०. नेमकं कोणतं सेटिंग बदलू?’

सेटिंगचं नाव सांगतो, पण जरा खाली. आधी तुझ्याच प्रश्नातले आकडे बघ. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, पडद्यावर येतात तो आकडा. ‘कधी ६५, कधी २०’ असं तू लिहिलंयस. ग्राफिक्स कार्ड कमी पडत असतं तर गेम बहुतेक सगळीकडे सारखाच रडतखडत चालला असता, गल्लीत ३५, हायवेवर ३०, असा. ६५ वरून एकदम २० वर आदळतो आणि पुन्हा ६० वर येतो, तेव्हा कार्ड दमलेलं नसतं, ते कुणाची तरी वाट बघत उभं असतं. लग्नाच्या पंगतीत आतून भातच आला नाही तर वाढपी कितीही चपळ असून काय उपयोग? तू वाढप्याच्या हातातलं ओझं कमी करत बसलायस. टेक्श्चर (भिंती-रस्त्यांवर चढवलेली चित्रं) लो, शॅडो लो, सगळं लो. भात मात्र आतच अडकलाय.

नाशिकला गेली पंधरा वर्षं मी पीसी असेंबल करतोय, लॅपटॉप उघडतोय. गेमिंगचा लॅपटॉप घेऊन येणाऱ्या पोरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘काका, सगळं लो केलंय.’ (तू दादा म्हणालास, बरं वाटलं.) दुसरं वाक्यही ठरलेलं: ‘व्हिडिओत सेम कार्डवर मस्त चालतोय.’ आता सेम कार्ड म्हणजे काय, ते ऐक. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ३०५० हे ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत वेगवेगळ्या ताकदीवर बसवलेलं असतं. डब्यावर नाव एकच, आतला माल निम्मा असू शकतो. वर त्या व्हिडिओवाल्याकडे १६ जीबी रॅम, खोलीत एसी, आणि लॅपटॉपखाली पंख्याचा स्टँड. त्याची सेटिंग जशीच्या तशी उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं.

म्हणून आधी मोजायचं. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजणीचं सॉफ्टवेअर उतरवून घे, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं. फुकट आहे, कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं. फक्त कंपनीच्या मूळ साइटवरूनच घे, या नावाच्या नकली साइट फिरत असतात. त्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवायला एवढं निवड: जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) किती टक्के वापरात, जीपीयूचं तापमान, त्याचा क्लॉक (वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड (कामाची एक ओळ) वेगळा, रॅम आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे एका फ्रेमला लागलेल्या वेळाचा, ग्राफ. एफपीएसचा आकडा नसला तरी चालेल, ग्राफ हवाच.

ग्राफ का, ते एका हिशेबात कळेल. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला सरासरी १६.७ मिलिसेकंद. समज, एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम ११५ मिलिसेकंदांत आली. बेरीज कर, बरोबर एक सेकंद होतो. कोपऱ्यातला आकडा ‘६०’ दाखवणार आणि तू म्हणणार, एफपीएस तर ठीक आहे, मग गचका कसला? त्या एका फ्रेममध्ये तुझी गाडी डिव्हायडरवर चढलेली असते. ग्राफमध्ये तोच क्षण खिळ्यासारखा वर आलेला दिसतो. सरासरीच्या नादी लागू नकोस, खिळे मोज.

आता वाचायचं कसं. खिळा येतो त्या क्षणी जीपीयू ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्डच भरलंय, सेटिंग खाली आणून फरक पडेल. जीपीयू ५०-६० टक्क्यांवर घसरलेलं असेल तर कार्ड मोकळं बसलंय आणि दोष प्रोसेसर, रॅम किंवा स्टोरेजकडे आहे. इथे एक फसगत होते. पोरं टास्क मॅनेजर उघडून म्हणतात, ‘सीपीयू तर ४० टक्केच आहे.’ तुझ्या प्रोसेसरमध्ये १२ थ्रेड आहेत. त्यातला एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा अशा एक-दोन थ्रेडवरच अडलेलं असतं. म्हणून थ्रेड वेगळे बघायचे.

काहीच उतरवायचं नसेल तर गावठी चाचणी सांगतो. रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी कर. पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येतात, म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून खाली. तरीही एफपीएस तेवढाच राहिला आणि गचके तसेच राहिले, तर कार्डाला शिव्या देणं बंद कर. चाचणीची जागाही दरवेळी तीच ठेव. बॅडलँड्समध्ये उघड्या माळावर मोजून उपयोग नाही, तिथे सगळ्यांचाच गेम छान चालतो. गेममधल्या गर्दीच्या जिग-जिग स्ट्रीटवरून पायी, किंवा शहराच्या मध्यातून गाडीने, तोच रस्ता, तीन वेळा. पहिली फेरी सोडून दे, कारण तेव्हा शेडर (प्रकाश-रंग काढणारे छोटे प्रोग्राम) आणि फाइल्स नव्याने भरत असतात. एका वेळी एकच सेटिंग बदल. गेममध्ये २०२२ च्या १.५ पॅचपासून, म्हणजे अपडेटपासून, बेंचमार्कही (वेगाची ठरलेली चाचणी) आहे, तो कार्ड तपासायला बरा. पण तुझा गचका गाडी चालवताना येतो, तेव्हा गाडी चालवूनच मोज.

आणि आता तुझ्या लॅपटॉपबद्दल माझा अंदाज सांगतो. ८ जीबी रॅम. २०२३ मध्ये २.० पॅचच्या वेळी या गेमच्या किमान गरजा बदलल्या. किमान म्हणजे किमान: १२ जीबी रॅम, सहा जीबीचं जीटीएक्स १०६०, आणि एसएसडी. तुझ्याकडे रॅम ८ आणि व्हीरॅम ४. दोन्हीकडे तू उंबरठ्याच्या बाहेर आहेस. गेम चालतो, याचंच मला कौतुक आहे.

रॅम भरली की विंडोज काय करतं? ज्याची लगेच गरज नाही असं वाटतं ते उचलून एसएसडीवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं, आणि गरज लागली की परत आणतं. एसएसडी वेगवान खरी, पण रॅमपुढे ती बैलगाडीच. पायी चालताना तुला हे जाणवत नाही, कारण आजूबाजूचा भाग आधीच भरून ठेवलेला असतो. गाडीने सुसाट निघालास की दर दोन-चार सेकंदांनी नवा चौक, नव्या इमारती, नवी माणसं आत आणावी लागतात, आणि त्याच वेळी जुनं बाहेर फेकावं लागतं. गाडीतच गचके का, याचं उत्तर हे. शॅडो लो केल्याने यात काडीचाही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट त्याच रॅमची. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली उजवीकडे स्लॉट किती वापरात आहेत ते दिसतं. ‘२ पैकी १’ असं असेल तर तुझी रॅम सिंगल चॅनेलवर चालतेय. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेऊ शकते, दोन असल्या की ५१.२. प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता एका लेनवरून दोन लेनचा होतो. शोरूममधून निघणाऱ्या कितीतरी गेमिंग लॅपटॉपमध्ये एकच स्टिक असते, कारण जाहिरातीत फक्त ‘८ जीबी’ एवढंच लिहायचं असतं.

मागच्या महिन्यात जवळपास तुझ्याच कॉन्फिगरेशनचा लॅपटॉप आला होता. पोरगा म्हणे, कार्ड खराब आहे, वॉरंटीत बदलून मिळेल का. मी त्याला समोर बसवलं, त्याचाच गेम, त्याचाच रस्ता. फ्रेमटाइमचा ग्राफ करवतीच्या दातांसारखा. टेबलावर टेस्टिंगसाठी ८ जीबीची एक स्टिक कायम पडलेली असते. लॅपटॉप बंद केला, बॅटरीची पिन काढली, रिकाम्या स्लॉटमध्ये स्टिक तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या क्लिप ‘टक्’ झाल्या. सेटिंगला हात लावला नाही. तोच रस्ता पुन्हा. सरासरी एफपीएस थोडाच वाढला, पण करवत जाऊन शिवणीचा टाका दिसावा तसा ग्राफ झाला. पोरगा दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘म्हणजे मी सहा महिने लो वर उगाच खेळलो?’ हो, उगाच.

तुझ्याकडे आत्ता पैसे नसतील तर तोवर एवढं कर. क्रोम पूर्ण बंद, नुसतं मिनिमाइज नको. डिस्कॉर्ड मोबाइलवर घे. हलते वॉलपेपर, आरजीबीची सॉफ्टवेअर, दोन-दोन लाँचर, सगळं स्टार्टअपमधून काढ. पेजफाइल विंडोजच्या हवाली राहू दे. ‘पेजफाइल बंद केली की गेम पळतो’ असं सांगणारे व्हिडिओ आहेत, ८ जीबीवर तसं केलंस तर गेम पळणार नाही, पळून जाईल. क्राउड डेन्सिटी लो कर, कारण रस्त्यावरची गर्दी सांभाळण्याचं काम प्रोसेसरचं. हे एक सेटिंग मात्र तुझ्या व्हिडिओवाल्याने बरोबर सांगितलं असेल.

आता व्हीरॅम, आणि इथे टेक्श्चरचा मोठा गैरसमज. पोरं सगळ्यात आधी टेक्श्चर लो करतात, कारण नाव वजनदार वाटतं. टेक्श्चर व्हीरॅममध्ये मावत असेल तर लो, मीडियम, हाय, एफपीएस जवळपास तोच. लो करून मिळतं काय? चिखल फासल्यासारख्या भिंती. आणि मावत नसेल तर मात्र अनर्थ. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला दीडशे ते दोनशे जीबीच्या घरात वाहते. जास्तीचा माल रॅममध्ये ठेवावा लागला की तो पीसीआय एक्सप्रेसच्या रस्त्याने आणायचा, तुझ्या लॅपटॉपमध्ये साधारण १६ जीबीच्या वेगाने. आणि तुझी रॅम तर आधीच ओसंडून वाहतेय.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर गेम चालू ठेवून ऑल्ट-टॅब कर, टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू निवड (दोन दिसतील, एनव्हिडियाचं घे). खाली ‘डेडिकेटेड’ (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि ‘शेअर्ड’ (रॅममधून उसनी घेतलेली) असे दोन आकडे असतात. डेडिकेटेड ३.८ च्या पुढे जाऊन टेकलाय आणि शेअर्ड खेळता खेळता चढत चाललाय, तर व्हीरॅम सांडतेय. एक पायरी खाली ये. चार जीबीवर या गेममध्ये टेक्श्चर मीडियम ही माझी शिफारस. हाय कर, अर्धा तास खेळ, शेअर्डचा आकडा हलला नाही तर ठेव. लक्षात घे, टेक्श्चर क्वालिटी खेळ चालू असताना बदलत नाही, मुख्य मेनूत जाऊनच बदलते. पॉझ मेनूत ती राखाडी दिसते म्हणून ‘माझ्याकडे हा ऑप्शनच नाही’ असं सांगणारे मला भेटलेत.

एवढं निस्तरलं की मग खरी ग्राफिक्स सेटिंग. तेव्हा जीपीयू ९७-९८ टक्क्यांवर जाईल आणि कार्डावरचं ओझं कमी करण्याला अर्थ येईल.

सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन. ओल्या रस्त्यात निऑनच्या पाट्या उतरतात ना, ते. प्रत्येक पिक्सेलमधून किरण सोडून तो पडद्यावर कुठे आदळतो ते शोधत बसायचं, असलं काम. या गेममध्ये त्याची सर्वात वरची पायरी ‘सायको’ नावाची आहे, नावातच सल्ला आहे. लो वर ठेव. लो ची प्रतिमा थोडी दाणेदार दिसते, पण पूर्ण बंद केलंस तर पावसातली नाइट सिटी, म्हणजे गेममधलं शहर, डांबराचा गोळा होते, आणि मग हा गेम खेळायचा कशाला? दुसरं, व्हॉल्युमेट्रिक फॉग. धुकं, दिव्याचे झोत. अल्ट्रावरून मीडियमवर आणलंस तर शेजारी ठेवूनही फरक चटकन सापडत नाही, आणि कार्डाला मात्र मोठा श्वास मिळतो. पहिला हात इथेच घाल. व्हॉल्युमेट्रिक क्लाउड्सही मीडियम, आकाशाकडे बघायला वेळ कुणाला आहे. अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्या-फटींतली बारीक सावली) लो ठेव, पण बंद करू नकोस. ते बंद केलं की टेबलाचे पाय जमिनीवर टेकलेत असं वाटत नाही, वस्तू तरंगतात.

शॅडोचा हिशेब एकदा समजून घे, सगळ्या गेममध्ये उपयोगी पडेल. सूर्याच्या जागी कॅमेरा ठेवून देखावा पुन्हा एकदा काढायचा आणि कुठे उजेड अडतो त्याचा नकाशा बनवायचा, ही सावलीची रीत. तो नकाशा २०४८ बाय २०४८ चा असेल आणि प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरल्या तर १६ एमबी. एक पायरी वर, ४०९६ बाय ४०९६, तर ६४ एमबी. दुप्पट म्हणता म्हणता चौपट. आणि जवळच्या, मधल्या, लांबच्या सावल्यांसाठी असे वेगवेगळे नकाशे. शिवाय देखावा पुन्हा काढायचा म्हणजे प्रोसेसरलाही पुन्हा हुकूम सोडावे लागतात. म्हणून शॅडो हे दोघांनाही बोचणारं सेटिंग आहे. कॅस्केडेड शॅडोज रिझोल्यूशन मीडियम, लोकल शॅडो लो किंवा मीडियम. चालत्या गाडीतून सावलीची किनार कुणी बघत नाही.

अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग ८ किंवा १६ ठेव. लांबवर जाणारा रस्ता त्यामुळे कोरीव दिसतो आणि तुझ्यासारख्या स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला ते फुकटात पडतं. हे सुद्धा लोक लो करून ठेवतात, त्याचं मला दरवेळी वाईट वाटतं. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अॅबरेशन, हे सगळं आवडीचं खातं, वेगाचं नाही. मी बंद ठेवतो. रे ट्रेसिंग चार जीबीवर विसर. फोटो काढायला एकदा चालू करून बघ आणि बंद कर.

आता डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करायची एनव्हिडियाची युक्ती. तुझं कार्ड आरटीएक्स आहे, तेव्हा वापरच. १०८०पी वर ‘क्वालिटी’ निवडलंस की गेम आतून १२८० बाय ७२० वर काढला जातो आणि मग वाढवून जुळवला जातो. ‘परफॉर्मन्स’ म्हणजे ९६० बाय ५४०. छोट्या स्क्रीनवर क्वालिटी किंवा बॅलन्स्ड पुरे. जानेवारी २०२५ च्या २.२१ पॅचपासून त्यात दोन मॉडेल निवडता येतात, जुनं सीएनएन आणि नवं ट्रान्सफॉर्मर. नव्याची प्रतिमा उघडच स्वच्छ, पण ३० सिरीजच्या कार्डावर ते थोडं जड जातं. मी तुझ्या जागी असतो तर ट्रान्सफॉर्मर लावून एक पायरी खाली, बॅलन्स्डवर, खेळलो असतो. दोन्ही करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त हे ध्यानात असू दे की डीएलएसएस कार्डाचं ओझं उतरवतं. भात आतच अडकला असेल तर तेही हात टेकतं.

फ्रेम जनरेशनबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशीलच. डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन ४० सिरीजपासून पुढे, तुझ्याकडे नाही. एएमडीचं एफएसआर ३ वालं या गेममध्ये २.१३ पॅचपासून आलंय आणि ते तुझ्या कार्डावर चालतं. आकडा डोळे दिपवेल. पण दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली घुसवायची, म्हणजे पुढची खरी फ्रेम हातात येईपर्यंत थांबावं लागतं. मूळ एफपीएस ३० असेल तर स्टिअरिंग साबण लावल्यासारखं लागतं. वर त्याला स्वतःची व्हीरॅम लागते, जी तुझ्याकडे नाहीच. मूळ ६० च्या आसपास पोचलास तर विचार कर.

त्यापेक्षा एक जुनी युक्ती सांगतो, तुझ्या १४४ हर्ट्झच्या स्क्रीनसाठी. एफपीएस ४८ वर बांधून टाक. चक्रावलास? ऐक. तुझी स्क्रीन दर ६.९४ मिलिसेकंदांनी चित्र बदलते. ४८ एफपीएसची एक फ्रेम २०.८ मिलिसेकंदांची, म्हणजे बरोबर तीन ठोके. प्रत्येक फ्रेम तीनच ठोके दिसते, ताल चुकत नाही. ६० ला मात्र एका फ्रेमच्या वाट्याला २.४ ठोके येतात, म्हणजे काही फ्रेम दोन ठोके, काही तीन. स्क्रीनला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (एफपीएसप्रमाणे स्क्रीनचा ठोका बदलणारी सोय) नसेल, आणि स्वस्तातल्या लॅपटॉपला बहुतेक नसतंच, तर बिनगचक्याचं ४८ हे लंगडत्या ६० पेक्षा डोळ्याला गुळगुळीत वाटतं. रिव्हाट्यूनरमध्ये फ्रेमरेट लिमिटच्या चौकटीत ४८ टाक, व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या ठोक्याशी जुळवणारं सेटिंग) चालू ठेव. बांधल्यामुळे कार्डाला प्रत्येक फ्रेममागे थोडा विसावा मिळतो आणि पंख्याची घरघरही उतरते, रूममेट दुवा देतील.

पंख्यावरून आठवलं, तापमान. गेम चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं छान आणि मग हळूहळू मेला, असं होत असेल तर ते सेटिंगचं दुखणं नाही. कोपऱ्यातला जीपीयू क्लॉक बघ, तापमान ८५ च्या वर जाताना क्लॉक खाली येतोय का. माझ्याकडे एक लॅपटॉप आला होता, त्याच्या जाळीतून धुळीचा थर अख्खा, गालिच्यासारखा निघाला. मालक रोज गोधडीवर ठेवून खेळायचा. लॅपटॉप हवा खालून ओढतो, गोधडीवर त्याचं नाकच दाबलं जातं. मागे दोन वह्या लावून उचललास तरी फरक दिसेल. ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के’ करण्याची युक्ती तुला कुणीतरी सांगेल. त्याने टर्बो (गरज पडली की वाढणारा वेग) बंद होतो, गरमी खरंच कमी होते, पण तुझ्या प्रोसेसरचा मुख्य कोअरचा मूळ वेग २.० गिगाहर्ट्झ आणि टर्बो ४.४. निम्म्याहून खाली आलास की गाडी चालवताना पुन्हा प्रोसेसरच अडवणार. तेव्हा ती युक्ती नको, आधी धूळ काढ.

चार्जर लावूनच खेळ. बॅटरीवर कार्डाला पूर्ण वॉट मिळत नाहीत, आणि एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असेल तर गेम ३० च्या आसपास बांधला जातो. वीज गेल्यावर ‘अचानक ३० वर अडकला’ म्हणून फोन करणारे आहेत. विंडोजमध्ये डिस्प्ले, मग ग्राफिक्स, तिथे गेमला हाय परफॉर्मन्सवर टाक, नाहीतर कधीकधी तो इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवरच सुरू होतो. रिफ्रेश रेट १४४ वर आहे ना, तेही बघ. कितीतरी जण १४४ ची स्क्रीन घेऊन वर्षभर ६० वर बघत असतात. ‘गेम बूस्टर’ नावाचं जे काही उतरवलं असशील ते काढून टाक, आणि ‘गेमिंगसाठी हलकं केलेलं विंडोज’ कुणी पेनड्राइव्हवर दिलं तर घेऊ नकोस. त्यातून काय काय काढलंय आणि काय घातलंय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तुझ्या रूममेटसाठीही दोन ओळी, कारण हे सगळं वाचून तो त्याच्या गेमला हेच लावायला जाईल. व्हॅलोरंटमध्ये बहुतेक वेळा प्रोसेसरच मर्यादा असतो, तिथे ग्राफिक्स लो करून फारसं हाती लागत नाही. मल्टिथ्रेडेड रेंडरिंग चालू ठेव आणि रॅम दोन स्टिकची कर. जीटीए ५ मध्ये गवत आणि एमएसएए (कडा गुळगुळीत करायची एक पद्धत) या दोघांची जोडी मारते. शहरात ७० आणि डोंगरावर गेलं की ३५, असं असेल तर ग्रास क्वालिटी नॉर्मल कर. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये एमएसएए बंद, टीएए (कडांसाठीचीच हलकी पद्धत) चालू, आणि वॉटर फिजिक्सची पट्टी अर्ध्यावर आण. पाणी तरीही पाण्यासारखंच दिसतं.

तर तुझ्यासाठी क्रम असा: आज रात्री क्रोम बंद, टेक्श्चर मीडियम, फॉग मीडियम, रिफ्लेक्शन लो, क्राउड लो, डीएलएसएस बॅलन्स्ड, ४८ वर कुलूप. त्यानंतरही गाडीत खिळे राहिले, आणि माझ्या अंदाजाने थोडे राहतीलच, तर रॅम. घेण्याआधी तुझ्या मॉडेलला दुसरा स्लॉट खरंच आहे का ते बघ, काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. डीडीआर४ की डीडीआर५ हेही बघ, टास्क मॅनेजरमध्ये नाही कळलं तर सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये कळेल. मग लॅपटॉपचीच, म्हणजे छोट्या आकाराची, ८ जीबीची (डीडीआर४ असेल तर ३२०० ची) स्टिक माग. दुकानदाराला आधी लावून दाखवायला सांग, विंडोजमध्ये १६ दिसलं की मगच पैसे दे. आणि जमलं तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही ग्राफांचे फोटो पाठव, शेअर्ड मेमरीचा आकडा दिसेल असे.